वाकडे पेले

बोहुमिर पेला फुंकतो तेव्हा मी बोलत नाही.
एकोणीस वर्षं हाच नियम.
फुंकणीच्या त्या टोकाला काच, ह्या टोकाला तो,
मधल्या दीड वारात नुसता श्वास.

नोव्हेंबरात त्या श्वासाला ठेच लागली.
काच फुगता फुगता खांद्याशी दचकली.
नळी बाजूला धरून तो खोकला,
चर्चमध्ये खोकतात तसा, चोरून.
म्हणाला, "धूळ आहे, यित्का."
सकाळीच मी झाडलं होतं.

वाकडा माल परत भट्टीत जातो.
हा मी फळीवर ठेवला,
बुडाला चिठ्ठी: पहिला दिवस.
का, ते विचारू नका.

आठव्या दिवशी ओल्गानं त्याला दवाखान्यात ढकललं.
डॉक्टर मिलाडा बराच वेळ त्याची पाठ ऐकत राहिली.
"श्वासनलिका सुजल्यात. ब्रॉन्कायटिस.
बहुतेकदा विषाणूचं काम, सर्दीच्याच भावकीतला.
अँटिबायोटिक त्याचं काही वाकडं करत नाही.
कफ हिरवा झाला, एवढ्यावरून मी गोळ्या लिहीत नाही.
कोमट प्या. झोपा. भट्टी नको, सिगरेट नको.
ताप उतरेल. खोकला रेंगाळेल,
निघतो म्हणून उठलेला पाहुणा
उंबऱ्यात तासभर बोलतो, तसा.
तीन आठवडे धरा."

तो घुश्शातच परतला.
तीस किलोमीटर बस, आणि औषध काय, तर थांबा!
तिनं दिलेल्या कागदाच्या पाठीवर
त्यानं नव्या पेल्याचं चित्र काढलं
आणि दुसऱ्या दिवशी भट्टीपुढे हजर.

आम्ही उत्तर बोहेमियाची माणसं.
कोट खुंटीवर राहिला तरी चालतो,
आजार मात्र अंगावर काढायचा.

सोळाव्या दिवशीचा पेला जवळजवळ सरळ होता.
मी चिठ्ठी लावायला विसरले, आनंदानं.

विसाव्या दिवशी ताप परत आला.
चोविसाव्या दिवशी
वखारीच्या अकरा पायऱ्यांत तो दोनदा बसला
आणि हातरुमाल झटकन मुठीत घेतला.
पण मी काचवाली.
लाल कितीही थोडं असो, मला दिसतं.
आमच्याकडे तो रंग सोन्यापासून करतात.

मी चित्र उलटं केलं.
पेल्याच्या मागे डॉक्टरचं अक्षर, घाईचं:
तीन आठवड्यांनंतरही खोकला असेल तर या.
ताप उतरून पुन्हा चढला, तर या.
कफात रक्त, छातीत दुखणं, चालताना धाप
यातलं काहीही: त्याच दिवशी या.
ओठ निळे पडले, वाक्य पुरं होईना,
तर माझ्याकडेही येऊ नका, रुग्णवाहिका बोलवा.
खाली दोनदा रेघ मारून:
तुमचं वय एकाहत्तर आहे.

पेंढ्यात गुंडाळून मी पेले बरोबर घेतले.
"कधीपासून?" मिलाडानं विचारलं.
"असेल आठवडा," तो म्हणाला.
मी काही बोलले नाही.
तिच्या टेबलावर ओळीनं मांडले, नऊ.
तिनं एकेकाच्या खांद्यावरून बोट फिरवलं,
जिथं काच दचकली होती तिथं थांबत.
शेवटचा उजेडात धरला.
मग त्याच्याकडे न बघता
एक्स-रेचा कागद भरू लागली.

उजव्या बाजूला, तळाशी, धुरकट डाग.
न्यूमोनिया.
आता गोळ्या मिळाल्या. आता त्याला नको होत्या.

फेब्रुवारीत फुंकणी माझ्या ओठांशी आहे.
तो स्टुलावर, ओल्गाची शाल घेऊन.
बोलत नाही. मधूनच खोकतो,
हलका, कोरडा, उंबरा ओलांडलेला.
मी तेवढ्यापुरती थांबते, काच फिरवत ठेवते,
मग पुन्हा फुंकते.

चोविसाव्या दिवसाचा पेला डॉक्टरनं मागून घेतला.
जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या त्यात असतात.
नीट उभा राहत नाही तो.
भिंतीला टेकवून ठेवलाय.